लिंकनच्या घराण्यातले दगड

मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही लिंकन म्हटलं की पहिली कुठली गोष्ट आठवते? हेडमास्तरांना लिहिलेलं ते पत्र! वसंत बापटांनी मराठीत आणलेलं, शाळेच्या व्हरांड्यात फ्रेम करून लावलेलं, स्नेहसंमेलनात कुणीतरी हमखास म्हणून दाखवलेलं. मुलाला शाळेत घालताना बापाने काय लिहावं याचा आदर्श नमुना. गंमत अशी की लिंकनच्या संग्रहित कागदपत्रांत असं पत्रच नाही. त्याने ते लिहिल्याचा पुरावा आजवर कुणालाही मिळालेला नाही.

पण ज्यांच्याबद्दल शंका नाही अशी त्याची पत्रं आहेत, आणि त्यातल्या दोन पत्रांवरून आजचा लेख सुचला. पहिलं १८४८ चं, एका न पाहिलेल्या चुलत नातेवाईकाला, 'आपलं नातं नेमकं काय' असं विचारणारं. दुसरं १८५१ चं, मरणाला टेकलेल्या बापाबद्दल. हेडमास्तरांच्या पत्रातला बाप किती समजूतदार! या दुसऱ्या पत्रातला मुलगा मात्र तसा नाही. ही दोन्ही पत्रं हातात धरून निघालं की आपण एका दफनभूमीपाशी जाऊन पोचतो. व्हर्जिनिया राज्यातल्या शेनान्डोआ खोऱ्यात, हॅरिसनबर्ग गावाच्या उत्तरेला, लिनव्हिल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी लिंकन घराण्याची जुनी वास्तू आणि त्यांची खाजगी दफनभूमी आहे.

आधी वंशावळ. घाबरू नका, छोटी आहे. सॅम्युअल लिंकन १६३७ मध्ये इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय. त्याचा मुलगा पुन्हा मॉर्डेकाय, तो पेनसिल्व्हानियात गेला आणि १७३६ मध्ये तिथेच वारला. त्याचा मुलगा जॉन व्हर्जिनियात गेला. जॉनचा मुलगा अब्राहम (हा आजोबा, आपला नव्हे) केंटकीत गेला. त्याचा मुलगा थॉमस केंटकीतून इंडियाना आणि तिथून इलिनॉयला गेला. आणि थॉमसचा मुलगा अब्राहम, म्हणजे आपला अब्राहम.

आमच्या धंद्यात लिंक्ड लिस्ट नावाचा प्रकार असतो. प्रत्येक नोड मेमरीत वेगळ्याच ठिकाणी पडलेला असतो आणि त्याच्याकडे पुढच्याचा पत्ता तेवढा असतो. हे घराणं तसंच आहे. जवळजवळ दर पिढीचं थडगं वेगळ्या राज्यात. आपल्याकडे कुलवृत्तांतात 'मूळ गाव' असा रकाना असतो. या मंडळींचा तो रकाना भरायला बसलो तर पान पुरायचं नाही.

अशा कुटुंबांना अमेरिकेत 'पायोनियर' म्हणतात, म्हणजे जंगल तोडून पहिल्यांदा शेत करणारे. 'पहिल्यांदा' हा शब्द अर्थातच त्यांचा. त्या जमिनीवर शॉनी आणि इतर मूळ रहिवासी कितीतरी आधीपासून होते, आणि या गोष्टीत ते पुढे येणार आहेत.

तर जॉन लिंकन. घराण्याचे अभ्यासक याला 'व्हर्जिनिया जॉन' म्हणतात. १७६८ मध्ये त्याने पेनसिल्व्हानियातून येऊन लिनव्हिल क्रीकवर ६०० एकर जमीन घेतली. तेव्हा तिकडून खोऱ्यात उतरणारी एक मोठी बैलगाडीवाट होती आणि जर्मन, स्कॉट-आयरिश, इंग्रज अशी हजारो कुटुंबं स्वस्त जमिनीसाठी त्या वाटेने दक्षिणेला सरकत होती. जॉन १७८८ मध्ये वारला. त्याची बायको रिबेका त्याच्यामागे बरीच वर्षं जगली. त्यांचा एक मुलगा जेकब बापाच्या जमिनीवर राहिला. तो स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. त्याने १८०० च्या सुमारास तिथे विटांचं दुमजली घर बांधलं. ते घर अजून उभं आहे. घर आणि दफनभूमी मिळून १९७२ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंदली गेली. १२ फेब्रुवारीला, म्हणजे लिंकनच्या वाढदिवशी, त्या दफनभूमीत चार लोकांनी जमून एक छोटासा कार्यक्रम करायचा अशी प्रथाही १९७० च्या दशकात पडली.

शेतातच दफनभूमी का, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर साधं आहे. चर्च लांब, रस्ते वाईट, आणि प्रेत टिकवायची सोय नाही. एकदोन दिवसांत मूठमाती द्यावीच लागे. मग घराजवळचा पाणी न साठणारा उंचवटा निवडायचा. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठल्यावर तोंड उगवतीकडे. घडवलेला दगड परवडला तर नाव कोरायचं, नाहीतर शेतातलाच एक धोंडा डोक्याशी आणि एक पायाशी उभा करायचा. दक्षिणेकडच्या राज्यांत अशा जागी बऱ्याचदा सदाहरित वेली आणि देवदारासारखी झाडं लावत. आजही जंगलात निळ्या फुलांच्या पेरिविंकलचा गालिचा दिसला की जाणकार आधी जमिनीतले खळगे शोधतात, कारण लाकडी पेटी कुजली की वरची माती खचते. धोंड्यावर नाव नसलं तरी खळगा सांगतो की इथे कुणीतरी आहे.

आता यातली मेख बघा. नावाचा दगड टिकायचा तर कुणीतरी मागे राहावं लागतं. गवत काढायला, कलंडलेला दगड सरळ करायला, जमीन विकताना 'एवढा तुकडा सोडून' असं खरेदीखतात लिहून घ्यायला. जेकब आणि त्याचे वंशज राहिले, म्हणून लिनव्हिल क्रीकला लिंकनांच्या पाच पिढ्या एका ठिकाणी आहेत. जेकबचा थोरला भाऊ अब्राहम मात्र निघून गेला.

कॅप्टन अब्राहम लिंकन काही दरिद्री माणूस नव्हता. बापाने दिलेली २१० एकर चांगली जमीन त्याच्याकडे होती. पण डोंगरापलीकडे केंटकीत त्याहून कितीतरी जास्त जमीन मिळत होती. १७८० च्या सुमारास त्याने व्हर्जिनियातली जमीन विकली. केंटकीच्या जमिनीच्या कागदावर त्याचं नाव कारकुनाने 'लिंकहॉर्न' असं लिहिलेलं आहे. (आपल्या आधार कार्डांवरच्या नावांची परंपरा जुनीच म्हणायची!) मे १७८६ मध्ये शेतात काम करत असताना मूळ रहिवाशांच्या एका टोळीने त्याला गोळी घातली. आठ वर्षांचा थॉमस प्रेताजवळच होता. एकजण त्याला उचलायला आला तेव्हा थोरल्या मॉर्डेकायने केबिनमधून नेम धरून त्याला पाडलं. ही हकिगत थॉमसने आयुष्यभर सांगितली आणि अब्राहमने ती लहानपणी अगणित वेळा ऐकली. आजोबांची कबर लुईव्हिलजवळच्या लाँग रन चर्चपाशी आहे असं परंपरेने मानतात.

इथे कायद्याचा एक बारकावा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. मृत्युपत्र न करता माणूस मेला तर सगळी जमीन थोरल्या मुलाची, असा तिथला जुना कायदा. व्हर्जिनियाने तो १७८५ मध्येच रद्द केला होता, पण नवा कायदा लागू झाला १ जानेवारी १७८७ पासून. कॅप्टन अब्राहम मेला मे १७८६ मध्ये. सात-आठ महिन्यांचा फरक! सगळी जमीन मॉर्डेकायला गेली आणि थॉमसच्या हाती काही आलं नाही. तो मजुरी करत, सुतारकाम शिकत वाढला, सही करण्यापुरतं लिहायला शिकला. सहाशे एकरवाल्याचा नातू एका पिढीत लाकडाच्या ओंडक्यांच्या एका खोलीत आला. पुढे त्याच खोलीवर अमेरिकेने केवढी दंतकथा उभारली!

थॉमसने केंटकीत एकामागून एक तीन शेतं घेतली आणि तिन्ही ठिकाणी जमिनीच्या मालकीवरून भांडणं निघाली. कारण तिथली मोजणी. 'ओढ्याच्या वळणापासून त्या मोठ्या ओकपर्यंत, तिथून अमक्याच्या कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत' अशी हद्द लिहिलेली. ओक पडला की प्रायमरी कीच गेली म्हणायची! एकाच तुकड्यावर दोघातिघांचे दावे लागत. ओहायो नदीपलीकडे इंडियानात मात्र १७८५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे जमीन आधी चौकोनांत मोजून मगच विकत होते. शिवाय इंडियानात गुलामगिरीला बंदी होती. थॉमस केंटकी सोडून का गेला याची हीच दोन कारणं लिंकनने पुढे सांगितली आणि जमिनीचं कारण जास्त मोठं होतं हेही प्रामाणिकपणे लिहिलं. डिसेंबर १८१६ मध्ये कुटुंब नदीपलीकडे गेलं.

जाताना एक थडगं मागे राहिलं. अब्राहमचा धाकटा भाऊ, त्याचंही नाव थॉमस, तान्हा असतानाच १८१२ च्या सुमारास गेला होता. नॉब क्रीकवरच्या त्यांच्या शेताजवळ रेडमन नावाच्या कुटुंबाच्या खाजगी दफनभूमीत १९३३ मध्ये एक छोटासा दगड सापडला. त्यावर दोनच अक्षरं, टी आणि एल. दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्यांच्या थडग्यांच्या मध्ये ते बाळ होतं. बापाने दोन अक्षरांपुरता दगड टोकरला आणि चार-पाच वर्षांत बाकीचे निघून गेले.

इंडियानात पोचून दोन वर्षं होत नाहीत तोच 'मिल्क सिकनेस' आला. गाई थरथरायला लागतात, त्यांचं दूध प्यायलेल्या माणसांना उलट्या होतात, अंगातली शक्ती जाते, आठवडा-दोन आठवड्यांत खेळ खलास. त्या काळात कारण कुणालाच माहीत नव्हतं. आता माहीत आहे. उन्हाळ्याच्या शेवटी कुरणं सुकली की मोकळ्या सोडलेल्या गाई जंगलात शिरत आणि सावलीत वाढणारी, पांढऱ्या फुलांची स्नेकरूट नावाची वनस्पती खात. तिच्यातलं विष दुधात उतरतं. १९२० च्या दशकात अमेरिकन कृषिखात्याच्या संशोधकांनी त्याचा छडा लावला. म्हणजे हा रोगही एका अर्थाने पायोनियर होण्याचाच रोग होता. जंगल अर्धवट तोडलेलं, कुरण अजून तयार नाही, गाय मात्र आहे.

सप्टेंबर १८१८ मध्ये नॅन्सी लिंकनला लहानाचं मोठं करणारे मावशी-काका, स्पॅरो दांपत्य, गेले. ५ ऑक्टोबरला स्वतः नॅन्सी गेली. पस्तिशीही ओलांडली नव्हती तिने. थॉमसने हाताने फळ्या तासून पेटी केली आणि नऊ वर्षांच्या अब्राहमने ती जोडायला लाकडी खुंट्या तासून दिल्या, असं त्या घरातच राहिलेल्या डेनिस हँक्सने पुढे सांगितलं. खिळे महाग होते. केबिनपासून थोड्या अंतरावरच्या टेकाडावर, स्पॅरोंच्या शेजारी तिला पुरलं. नाव कोरलेला दगड नाही. पुढच्या वर्षी थॉमसने केंटकीतून सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न करून तिला आणलं, आणि सावत्र आई या शब्दाची सगळी बदनामी खोटी ठरवेल अशी ती निघाली. १८२८ मध्ये अब्राहमची बहीण सारा बाळंतपणात गेली. तिला जवळच्या बाप्टिस्ट चर्चच्या आवारात बाळासकट पुरलं. १८३० मध्ये सगळे पुन्हा गाड्या जुंपून इलिनॉयला निघाले. टेकाडावर आई राहिली आणि चर्चपाशी बहीण.

यानंतर लिंकन त्या भागात परत गेला तो १८४४ मध्ये, निवडणुकीच्या प्रचाराला. आईबहिणीच्या कबरी तिथे आहेत या जाणिवेने तो इतका हलला की त्याने नंतर कविता लिहिली. पण दगड बसवला नाही. त्याच्या हत्येनंतर, सप्टेंबर १८६५ मध्ये, त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन चरित्रासाठी माहिती गोळा करत तिथे पोचला. राष्ट्राध्यक्षाच्या आईची कबर तेव्हा जंगलातल्या टेकाडावर नावाशिवाय पडून होती. १८७९ मध्ये एका माणसाने पदरचे ५० डॉलर खर्चून तिथे संगमरवरी दगड बसवला. तो घोडागाड्या आणि पुढे मोटारी बनवणाऱ्या स्टुडबेकर कंपनीतला पीटर स्टुडबेकर. आपलं नाव त्याने त्यावर घालू दिलं नाही. तोवर नेमकी जागा पक्की ठाऊक असणारी माणसं फारशी उरली नव्हती. म्हणजे दगड आहे, पण तो बरोबर तिच्याच उशाशी आहे की चार हात इकडे-तिकडे, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता ते दुसरं पत्र. थॉमस शेवटी इलिनॉयच्या कोल्स काउंटीत स्थिरावला. बापलेकांचं फारसं पटत नव्हतं. बाप कमी शिकलेला, मुलाचं पुस्तकवेड त्याला कळत नसे. एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाची मजुरी बापाची, असा तेव्हाचा रिवाज होता आणि मुलाच्या मनात ते सलत होतं. जानेवारी १८५१ मध्ये थॉमस आजारी पडला. सावत्र भावाने दोन पत्रं पाठवली, त्यांना उत्तर गेलं नाही. मग १२ जानेवारीला लिंकनने लिहिलं. कामात अडकलो आहे, बायको बाळंतपणानंतर आजारी आहे, बापाला सांग की देव त्याला विसरणार नाही. आणि पुढे हेही, की आत्ता भेटलो तर त्या भेटीत सुखापेक्षा दुःखच जास्त होईल की काय अशी शंका वाटते. पाच दिवसांनी थॉमस गेला. लिंकन मूठमातीलाही गेला नाही. त्याला शिलोह चर्चच्या दफनभूमीत पुरलं, अर्थात दगडाशिवाय.

बायको खरंच आजारी होती, महिनाभराचं मूल घरात होतं, हे सगळं खरं. पण वकिलीच्या कामासाठी हाच माणूस त्या काउंटीच्या कोर्टात जात असे हेही खरं. मी या पत्रावरून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करत नाहीये. शहरात नोकरीला येऊन स्थिरावलेल्या आपल्यापैकी किती जणांनी 'या महिन्यात रिलीज आहे, पुढच्या महिन्यात येतो' असं घरी सांगितलेलं असतं! त्या पत्राची भाषा आपल्याला हेडमास्तरांच्या पत्रापेक्षा नक्कीच जास्त ओळखीची वाटेल. दोन वर्षांनी झालेल्या मुलाचं नाव त्याने थॉमस ठेवलं. राष्ट्राध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला निघण्याआधी, १८६१ च्या जानेवारीअखेर, तो मुद्दाम वाकडी वाट करून सावत्र आईला भेटला आणि बापाच्या थडग्यावर गेला. तिथे दगड बसवायचा त्याच्या मनात होतं. १८६७ मध्ये त्याच्या विधवेने सावत्र सासूला पत्र लिहून तसं कळवलं. तो दगड १८८० च्या सुमारास उभा राहिला, तोही पुष्कळसा इतरांच्या वर्गणीतून. सारा बुश १८६९ मध्ये तिथेच, थॉमसच्या शेजारी विसावली.

आणि खुद्द लिंकन? त्याचं शव औषधं भरून टिकवलेलं, आगगाडीने शहराशहरांतून मिरवलेलं, ४ मे १८६५ ला स्प्रिंगफील्डला ठेवलेलं. पुढे त्यावर भव्य स्मारक. ७ नोव्हेंबर १८७६ च्या रात्री खोट्या नोटा छापणाऱ्या टोळीने खंडणीसाठी शव पळवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. त्यानंतर पेटी कितीदा तरी हलवली, लपवली, आणि शेवटी १९०१ मध्ये पोलादी पिंजऱ्यात घालून दहा फूट खोल काँक्रीटमध्ये गाडली. ज्याच्या आईच्या पेटीला खिळे परवडले नाहीत, त्याच्यावर टनावारी काँक्रीट.

आता पुन्हा लिनव्हिल क्रीकला येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे. पहिलं पत्र लिंकनने इथेच पाठवलं होतं. १८४८ मध्ये तो अमेरिकन काँग्रेसचा सदस्य असताना व्हर्जिनियाच्या एका सहकाऱ्याने त्याला सांगितलं, की आमच्याकडे डेव्हिड लिंकन नावाचे एक गृहस्थ आहेत. लिंकनने लगेच पत्र टाकलं. डेव्हिड हा जेकबचा मुलगा, म्हणजे थॉमसचा चुलत भाऊ. आजोबा केंटकीत कसे मारले गेले वगैरे जेवढं माहीत होतं तेवढं लिंकनने लिहिलं आणि घराण्याची आणखी माहिती विचारली. चाळिशीला आलेला माणूस आपली मुळं शोधत होता.

त्या मुळांपाशी काय होतं? मागे राहिलेले लिंकन सुस्थितीत होते आणि गुलाम बाळगून होते. त्या दफनभूमीत घराण्याच्या पाच पिढ्यांबरोबर दोन गुलामही पुरलेले आहेत. एकीचं नाव क्वीन. दुसऱ्याचं अंकल नेड.

ही नावं नीट बघा. आडनाव नाही. 'अंकल' ऐकून आपल्याला काका वाटेल, आपुलकी वाटेल. पण दक्षिणेतले गोरे म्हाताऱ्या काळ्या माणसाला 'मिस्टर' म्हणायला लागू नये म्हणून 'अंकल' म्हणत आणि बाईला 'आंट'. 'क्वीन' म्हणजे राणी, आणि ती कुणाची तरी मालमत्ता. तरीही ही दोघं नशीबवानच म्हणायची, कारण नाव तरी उरलं. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव, आणि त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग, रंग. गुलामाच्या नावाला रकानाच नाही! टेबल डिझाइन करतानाच ठरवलेलं, की या रेकॉर्डला नाव लागत नाही. डेटा हरवला तर कधीतरी सापडतो, पण जो घेतलाच नाही तो कुठल्या बॅकअपमध्ये शोधणार? गुलामीतून सुटलेल्या या सगळ्यांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० मध्ये, म्हणून आजही आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांचा वंशावळीचा शोध अनेकदा १८७० च्या भिंतीवर आदळून थांबतो.

थॉमसच्या तान्ह्या बाळाला दोन अक्षरं मिळाली. नॅन्सीला एकसष्ट वर्षांनी का होईना दगड मिळाला. गरिबी आणि स्थलांतर यांमुळे हरवलेलं नाव पुढच्या पिढीत कुणी मोठं झालं तर भरून निघू शकतं. क्वीन आणि नेडच्या वाट्याला आलेलं विस्मरण वेगळं आहे. ते रिवाजाने आणि कायद्याने केलेलं आहे.

लिंकन स्वतःही या प्रश्नात सरळ रेषेत चालला नाही. बापाच्याच कोल्स काउंटीत, १८४७ मध्ये, त्याने मॅटसन नावाच्या गुलाममालकाचं वकीलपत्र घेतलं होतं. पळालेल्या काळ्या कुटुंबाला परत ताब्यात मिळवण्यासाठीचा खटला होता तो. मॅटसन हरला, कुटुंब सुटलं. तिथून १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यापर्यंत सोळा वर्षं लागली. त्या जाहीरनाम्यानंतर आणि १८६५ च्या घटनादुरुस्तीनंतर, लिनव्हिल क्रीकच्या लिंकनांकडे होते तसे चाळीस लाखांच्या आसपास लोक मोकळे झाले. त्याचा आवाज पुण्यापर्यंत आला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेतल्या, गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. शाळेच्या भिंतीवर पत्राऐवजी ती अर्पणपत्रिका लावली असती तर लिंकनशी आपलं खरं नातं काय ते पोरांना कळलं असतं.

व्हर्जिनियात आज खाजगी जमिनीवरच्या जुन्या दफनभूमीत जाण्याचा हक्क वंशजांना आणि वंशावळीचा अभ्यास करणाऱ्यांना कायद्याने आहे. जमीनमालक बदलला तरी तुमची पणजी तिथे असेल तर तुम्ही जाऊ शकता. कॉन्फेडरेट सैनिकांच्या थडग्यांच्या निगराणीला तिथलं सरकार अनेक दशकं पैसे देत होतं. काळ्या लोकांच्या जुन्या दफनभूमींसाठी तसा निधी देणारा कायदा झाला २०१७ मध्ये. उशीर झाला, पण झाला. हक्क कागदावर आला तरी तो वापरायला आधी आपली पणजी कोण हे माहीत असावं लागतं, आणि ती माहितीच नोंदवली गेली नव्हती.

म्हणून कुणी अमेरिकेत असाल आणि वॉशिंग्टनचं लिंकन मेमोरियल बघायला गेलात, तर वेळ काढून दोन-अडीच तास पश्चिमेला शेनान्डोआ खोऱ्यातही जा. घर खाजगी मालमत्ता आहे, तेव्हा आधी परवानगी घ्या, तसंच घुसू नका. दगडांवरची लिंकनांची नावं वाचालच. ती वाचून झाली की क्वीन आणि नेड ही दोन नावं मोठ्याने म्हणा, म्हणजे त्या दिवसापुरती तरी यादी पूर्ण होईल.

असो. बराच लांबला लेख. भेटू पुढच्या शनिवारी.